तानबाजी पाटलाचं खाकरणं

धुरपताच्या उजव्या पायाची करंगळी गेली ती एका बाभळीच्या काट्यापायी. काटा कधी रुतला, कुठे रुतला, तिला काही कळलंच नाही. साखरेचा आजार जडून सात वर्षं झाली होती आणि घोट्याखालचे दोन्ही पाय केव्हाच मुके झाले होते. मोहर्लीच्या गेटवर जंगल-सफारीची गाईड असलेली तिची लेक दीपिका दिवाळीला घरी आली, तेव्हा तिला घरभर लाल ठिपके दिसले. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत. ठिपक्यांच्या मागं जात जात ती आईच्या पायाशी येऊन थांबली. आई भाकरी थापत होती.

गडचिरोलीच्या दवाखान्यात अठरा दिवस गेले. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी एक निळी चप्पल पुढं ठेवली. तळ मऊ, वर दोन पट्ट्या, टाचेमागं एक. ओढली की चर्र आवाज करून सुटायची आणि दाबली की घट्ट बसायची.

"आता एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही," बाई म्हणाल्या. "घरातसुद्धा नाही. काय रुतलं ते तुमचे पाय तुम्हाला सांगणार नाहीत. पुढच्या वेळी एका बोटावर भागायचं नाही, बाई."

धुरपतानं मान डोलावली. पण गाडी सावली गावाच्या पुढं गेली, धानाच्या कापलेल्या बांध्या मागं पडून जंगल सुरू झालं, तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट आली. तिच्या गावात, खैरीटोल्यात, तानबाजी पाटलाच्या छपरीपुढून, त्या उघड्या ओसरीपुढून, तिला रोज दोनदा जावं लागत होतं.

ती अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी आठला जायचं, पोरांची खिचडी शिजवायची, दुपारी दोनला परतायचं. बुद्ध मोहल्ल्यातून अंगणवाडीकडं जायची वाट एकच, आणि ती पाटलाच्या घरापुढून जात होती. हातपंपापासून विजेच्या खांबापर्यंत तीस-पस्तीस पावलांचा तुकडा. त्या तुकड्यात गावातली कुठलीच बाई पायात चप्पल ठेवून चालत नसे. पंपाशी चपला काढायच्या, हातात घ्यायच्या, पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि छपरीकडं न पाहता पुढं व्हायचं. खांबाशी पोचलं की चपला पुन्हा पायात.

पूर्वी बुद्ध मोहल्ल्यातले पुरुषही तसंच जात. छप्पन्न साली मोहल्ल्यानं दीक्षा घेतली आणि त्या वर्षापासून पुरुषांनी ते सोडलं. सोडलं म्हणजे पायताण वाजवत, छाती काढून गेले, त्याच्या गोष्टी अजून सांगतात. बायांचं तेवढं राहून गेलं. ते मानपानाचं नाही, बायकी रीत आहे, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. पाटलाच्या घरच्या बाया तर कधी छपरीतच येत नसत.

तानबाजी पाटील छपरीत सागवानी खुर्चीत बसायचा. त्यानं कधी कोणा बाईला शिवी दिली नाही, हात उगारला नाही, बोललासुद्धा नाही. एखादी विसरून चप्पल घालून निघाली की तो नुसता खाकरायचा. एकदाच, घशातून, दार लोटल्यासारखं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या धुरपतानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूनं तिच्या दंडाला असा चिमटा घेतला होता की आठ दिवस निळं होतं. वैशाखाची माती तव्यासारखी तापली होती. तिनं चपला हातात घेतल्या त्या घेतल्याच.

तानबाजीला मरून आता नऊ वर्षं झाली होती. त्याचा मुलगा हेमराज माजरीला कोळशाच्या खाणीत नोकरीला, बायकापोरांसह तिकडंच. घरात पाटलाची म्हातारी बायको गुणाबाई एकटी राहायची आणि मागच्या दारानं ये-जा करायची. छपरीत खुर्ची होती तशीच होती. आणि बाया होत्या तशाच, चपला हातात घेऊन जात होत्या. कोणी विचारलं तर म्हणत, सवय हाय.

पौषातल्या एका सकाळी धुरपता कामावर निघाली. धुकं होतं. पंपापाशी ती थांबली. वाकावं, पट्ट्या ओढाव्यात, की नको? डॉक्टरीणबाईंचा चेहरा समोर आला. मेलेल्या माणसाला कसली लाज, असं पुटपुटून ती तशीच पुढं निघाली.

पाचसहा पावलं गेली असेल. छपरीतून खाकरल्याचा आवाज आला.

एकदाच, घशातून.

तिनं पाहिलं नाही. मान आपोआप खाली गेली, हात आपोआप पदराकडं गेला. कोणी म्हातारं माणूस बसलं असेल, गुणाबाईचा कोणी पाहुणा असेल, असं मनाशी म्हणत ती भराभर खांबापर्यंत गेली आणि तशीच अंगणवाडीच्या दारात शिरली.

सेविका साधना पोरांच्या नावांची वही उघडून बसली होती. तिनं वर पाहिलं.

"धुरपताबाई, चपला हातात काऊन? डॉक्टरनं काय सांगितलं तुमाले?"

धुरपतानं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. हातात निळ्या चपला होत्या. पाय अनवाणी होते, धुळीनं भरलेले.

ती वाकली नव्हती. ती शपथेवर सांगू शकत होती. पट्ट्या ओढल्याचा चर्र आवाज झाला नव्हता. तिनं चपला डोळ्यांजवळ धरल्या. तिन्ही पट्ट्या घट्ट बंद होत्या.

दुसऱ्या दिवशी ती खाली पाहत चालली. नजर पायांवरून हलवायची नाही, एवढंच ठरवलं होतं. निळं उजवं, निळं डावं, निळं उजवं. खाकरणं आलं. तिनं नजर हलू दिली नाही. पुन्हा आलं, या वेळी जवळून, जणू कोणी खुर्चीतून पुढं झुकलं होतं. तिचा हात पदराकडं गेला. पदर डोळ्यांवरून खाली आला, सरकला, क्षणभरच. त्याखालून पुन्हा पाहिलं तर पाय उघडे होते आणि चपला हातात.

तळव्याला खडा रुतला होता. रक्त येत होतं. कळत मात्र काही नव्हतं.

त्या दुपारी ती घरी न जाता हातपंपावर थांबली. बायनाबाई पाणी भरत होती. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, मोहल्ल्यातली सगळ्यात जुनी बाई. दुसरी सोमारी, पलीकडच्या गोंड टोल्यावरची, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उभी होती.

"बायनाबाई, एक विचारते, हासू नका," धुरपता म्हणाली. "इथी चपला काढता, तवा तुमी वाकता का?"

"काय म्हन्ते?"

"वाकून, हातानं काढता का?"

बायनाबाईनं पंपाचा दांडा सोडला. तिचे गुडघे दहा वर्षांपासून धरलेले होते. मोरीत बसायचं तरी भिंत धरावी लागे. ती स्वतःच्या गुडघ्यांकडं पाहत राहिली.

"मले तर वाकताच येत नाई," ती हळूच म्हणाली.

"मंग?"

"मले वाटे, सवय हाय. हात आपला जाते."

सोमारीनं मोळी तशीच डोक्यावर ठेवून, मान न हलवता सांगितलं, "माह्या डोक्यावर रोज मोळी रायते. दोन्ही हात वर. तरी खांबापाशी चपला हातात असते. मी कोनाले बोलली नाई. माह्या घरच्याले विचारलं, तुमाले पाटलाचं खाकरनं ऐकू येते का? तो म्हने, येडी झाली का."

पंपाच्या तोंडातून उरलेलं पाणी ठिबकत होतं. नऊ वर्षं त्या तिघी आणि गावातल्या सगळ्याच बाया समजत होत्या की आपण आपल्या हातानं चपला काढतो.

धुरपता पंपाच्या कडेला टेकली. तळव्याला फडकं बांधलं, चप्पल चढवली आणि पाटलाच्या घराला मागून वळसा घालून गुणाबाईच्या परसदारी गेली.

गुणाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. पंच्याहत्तरीची, वाळून काटकी झालेली. धुरपताच्या पायाकडं तिची नजर गेली आणि तिथंच राहिली.

"पाटलीनबाई, तुमाले ऐकू येते का?" धुरपतानं सरळ विचारलं.

"बस," गुणाबाई म्हणाली. सूप बाजूला ठेवलं. बराच वेळ बोटांनी तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "रोजच येते. मी घरात अन् तो छपरीत, पन्नास वर्सं मी त्याच्या खाकरन्यावरच चालली. एकदा खाकरला का पानी. दोनदा खाकरला का पाहुना आला, चहा ठेव. तुमच्यासाठी खाकरे तवा मले समजे, कोनी बाई चपला घालून चालली. तोंडानं त्यानं मले कधी हाक मारली नाई. माहं नाव त्याले माहीत होतं का नाई, देव जाने."

"मेला तरी काऊन खाकरते?"

गुणाबाईनं आत, पुढच्या दाराकडं पाहिलं. दार बंद होतं.

"लोकायले सांगितलं, हार्ट अटॅक आला. तसं नव्हतं ते. चैतातली दुपार होती. तो खाकरला. मले वाटलं, बाई चालली कोनी. मंग पुन्हा खाकरला. मंग पुन्हा. मी दाराच्या आतून ऐकून राह्यली. म्हनलं, एवढी शिरजोर कोन हाय, ऐकूनच नाई राह्यली. चपलेचा आवाज येते का म्हनून कान देला. नाई आला. बाहेर कोनीच नाई, तर मंग हा कोनावर खाकरून राह्यला? मी कडीवर हात ठेवला. पन छपरीत बाईनं बोलावल्याबिगर जायचं नाई. कोनाचा पाय वाजला असता तर मी दारातून आवाज तरी देला असता, का बाई, पाह्य जरा. हात तसाच कडीवर राह्यला. मंग आवाज बंद झाला."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मयताचं तोंड धुताना सुपारीचा खांड निघाला घशातून. एवढा."

चैतातली ती दुपार धुरपताला आठवत होती. डोक्यावर मोहफुलांची टोपली, हातात चपला, पाय पोळत होते. ती अनवाणीच होती, तरी पाटील खाकरत होता. काय चुकलं आपलं, या भीतीनं तिनं पदर आणखी खाली ओढला होता. तीन वेळा, चार वेळा, मग कसली तरी घरघर. तिनं पाहिलं नव्हतं. बायांनी छपरीकडं पाहायचं नसतं. दहा हातांवरून ती पळत निघून गेली होती.

"पाटलीनबाई, त्या दिवशी मी होती बाहेर," ती म्हणाली.

गुणाबाईनं तिच्याकडं पाहिलं. राग नव्हता. नुसतं पाहिलं.

"तुहा पाय वाजला नाई," ती म्हणाली.

मग तांदळाकडं पाहत ती पुढं बोलली, "नऊ वर्सं झाली. तो हुकूम करून राह्यला का मदत मांगून राह्यला, मले अजूनही समजलं नाई. त्याले दोन्हीसाठी एकच आवाज होता."

त्या रात्री धुरपताच्या तळव्याची जखम सुजली. फोनवर दीपिका रडकुंडीला आली. ते काम सोड, इकडं ये, म्हणाली. धुरपता म्हणाली, काम सोडत नाई, अन् वाटही सोडत नाई.

सकाळी ती पंपाशी थांबलीच नाही. धुकं कालच्यासारखंच होतं. पाचव्या पावलाला खाकरणं आलं. तिनं पदराला हात लावला नाही, पायांकडं पाहिलं नाही. ती वळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं पाटलाच्या छपरीकडं तोंड करून पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. पण वेताची बैठक खाली बसली होती, भार पडल्यावर बसते तशी. खुर्चीच्या हातांवर धूळ होती आणि त्या धुळीत दोन जागा पुसलेल्या होत्या.

ती पायऱ्या चढली. निळ्या चपलांचा फटफट आवाज फळीवर झाला. छपरीत कापूर आणि तंबाखूचा जुना वास होता, आणि गारठा असा, की तोंडातून वाफ निघावी. पुन्हा खाकरणं आलं, तिच्या तोंडासमोर, आणि संपलं नाही. खर्र खर्र करत लांबत गेलं. तिला वाटलं, आता हातात चपला येतील. मागं फिरावं असं वाटलं. ती फिरली नाही.

"पाटील," ती म्हणाली. "मी धुरपता. त्या दिवशी मी पाह्यलं नाई. पाह्याले पाह्यजे होतं. पन तुमी कधी पाहू देलं नाई. आज मी पाहून राह्यली. चपला घालून उभी हाय अन् काढनार नाई. माह्या पायाले एक बोट कमी हाय, दुसरं देनार नाई मी. काय पाह्यजे ते तोंडानं मांगा."

घरघर चालूच राहिली. वेत करकरला.

"तोंडानं मांगा, पाटील. मी ऐकून घेते."

मागं कडी वाजली. पुढचं दार उघडलं आणि उंबऱ्यात गुणाबाई उभी राहिली, हातात पितळेचा गिलास. तिचे पाय उंबऱ्याच्या आत होते. किती वेळ ती तशीच उभी होती, धुरपताला सांगता आलं नाही. मग तिनं एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला. खुर्चीपर्यंत आली. गिलास खुर्चीच्या हातावर ठेवला. पाणी आत थरथरत होतं.

"घ्या," ती म्हणाली. "बोलावलं नाई तरी आनलं."

घरघर एकदा वर चढली, शब्द येईल येईल असं वाटलं, आणि थांबली. वेत हळूहळू वर आला.

धुरपताच्या पायांना काही कळत नव्हतं, म्हणून तिनं डोळ्यांनी पाहिलं. चपला पायातच होत्या.

पाणी दिवसभर तसंच राहिलं. संध्याकाळी गुणाबाईनं ते अंगणात ओतलं. सुपारीचा वास येत होता त्याला, असं तिनं नंतर सांगितलं.

जखमेला महिना लागला, पण पाय वाचला. धुरपता त्या वाटेनं रोज गेली. खाकरणं कधी यायचं, कधी नाही. आलं की ती वळून पाहायची आणि पुढं व्हायची. सोमारी तिच्याबरोबर जाऊ लागली. पहिले चार दिवस तिच्या चपला हातात आल्या, पाचव्या दिवशी नाही. बायनाबाई मात्र अजूनही हातातच घेऊन जाते. आता ती पंपाची कड धरून, कण्हत, खरंच वाकते. माह्या चपला कोनी काढू नाई, माह्या मनानं मी काढीन, असं म्हणते. तिला कोणी काही बोलत नाही.

माघात एका बाजाराच्या दिवशी गुणाबाई धुरपताला म्हणाली, मले सावलीले ने. दुकानात पोरानं विचारलं, आजी, नंबर किती? गुणाबाईला आपल्या पायाचा नंबर माहीत नव्हता. चप्पल तिनं लग्नाआधी घातली होती, बापाच्या घरी, तेवढीच. पोरानं पाय मापला. पाच निघाला. तिनं तपकिरी जोड घेतला आणि घालूनच एसटीत बसली.

चार वाजता दोघी गावात उतरल्या. गुणाबाई परसदाराकडं वळली नाही. पंप ओलांडून ती छपरीच्या दिशेनं चालू लागली, नव्या चपला करकर वाजवत. आठदहा पावलांवर ती थांबली. मान थोडी कलली.

"ऐकू आलं का तुले?" तिनं विचारलं.

धुरपतानं कान दिला. लांब कुठं तरी कुऱ्हाड चालत होती. बाकी काही नव्हतं.

"नाई, पाटलीनबाई."

"मले आलं."

ती तशीच उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण ती काय म्हणाली ते धुरपताला ऐकू आलं नाही. मग तिनं एकदा पायाकडं पाहिलं आणि धुरपताचा दंड धरला.

"चाल लवकर," ती म्हणाली. "टाचेले चावून राह्यली मेली."